रेशीम, पीस आणि गळ : उत्तर इंग्लंडच्या ‘स्पायडर’ फ्लायची बांधणी

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पीस आणि प्राण्याची लव बांधून आणलेले कीटकाचे सोंग. गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबी लावलेल्या गळात माशाला खाण्याजोगे खरोखर काही असते. फ्लायमध्ये तसे काहीच नसते. त्यामुळे तिची सगळी मदार दिसण्यावर आणि पाण्यातल्या हालचालीवर. तिला वजनही नसल्यासारखेच. साधा गळ शिशाच्या जोरावर लांब जाऊन पडतो. फ्लायच्या बाबतीत वजन असते ते जाड दोरीत. काठीच्या झोक्याने ती दोरी हवेत उलगडत पुढे जाते आणि तिच्या टोकाच्या बारीक पारदर्शक तंतूला बांधलेली फ्लाय मागोमाग पाण्यावर उतरते. कोणत्या मापाच्या गळावर कोणत्या रंगाचे रेशीम, कोणत्या पक्ष्याचे कुठले पीस आणि ते कसे बांधायचे, असा ठरून गेलेला आणि नाव मिळालेला मेळ म्हणजे पॅटर्न.

असे पॅटर्न जगभर हजारो आहेत. त्यांपैकी यॉर्कशायरच्या आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नद्यांत ट्राउट माशासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्पायडर’ फ्लाय अभ्यासाला सर्वांत सोयीच्या. त्यांत रेशीम असते, एक मऊ पीस असते आणि कधी चिमूटभर लव. एवढेच. गळाच्या पुढच्या टोकाशी गोल पसरलेले पिसाचे विरळ तंतू पायांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले. फ्लाय नक्कल करते ती बहुधा पाण्यात जन्मणाऱ्या कीटकांची. साहित्य इतके थोडे असल्यामुळे त्यातला प्रत्येक फरक उघडा पडतो. पॅटर्नमध्ये काय बदलले तरी चालते आणि काय बदलले की तो पॅटर्नच राहत नाही, हा प्रश्न या छोट्या फ्लायवर जितका स्पष्ट दिसतो तितका दहा-बारा जिनसांच्या दिमाखदार फ्लायवर दिसत नाही.

फ्लायचे पहिले नीट वर्णन इ. स. २०० च्या सुमाराचे आहे. ग्रीक भाषेत लिहिणारा रोमन लेखक क्लॉडियस एलिआनस याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेअस नदीवरची पद्धत नोंदवली आहे. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारा एक कीटक खात. तो हाताने धरून गळाला लावावा तर त्याचा रंग जाई, पंख चुरगळत, आणि मासे त्याला तोंड लावत नसत. मच्छीमारांनी मग गळाभोवती लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे तिच्यावर बसवली. लोकरीचे अंग आणि कोंबड्याचे पीस ही जोडी आजही हजारो फ्लायमध्ये तशीच आहे.

इंग्रजीतली पहिली छापील यादी १४९६ ची. वेस्टमिन्स्टरचा छापखानदार विंकिन द वर्ड याने ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा तीत गळाच्या मासेमारीवरचे एक प्रकरण घातले. परंपरा त्याचे श्रेय डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीला देते. भक्कम पुरावा नाही. या प्रकरणात महिन्यांच्या क्रमाने बारा फ्लाय दिल्या आहेत. मार्चमधल्या पहिल्याच फ्लायचे अंग करड्या लोकरीचे आणि पंख तित्तिराच्या पिसांचे. तित्तिराचे पीस तेव्हापासून इंग्लंडच्या फ्लायपेटीतून हललेले नाही. मात्र हे प्रकरण साहित्य सांगते, बांधायचे कसे ते सांगत नाही. पुढच्या पाच शतकांतला गोंधळ आणि गंमत बरीचशी या एका उणिवेतून आली आहे : यादी छापता येते, हात छापता येत नाही.

बांधणीची बाजू प्रथम मनापासून मांडली ती चार्ल्स कॉटन याने. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये निघाले. १६७६ च्या आवृत्तीला कॉटनने दुसरा भाग जोडला आणि डर्बीशायरच्या डव्ह नदीवरच्या फ्लाय मासेमारीचे धडे दिले. त्यात लंडनहून आणलेली एक जाडजूड फ्लाय पाहून यजमान ती बैठकीच्या खिडकीत टांगून ठेवायचे ठरवतो, येता-जाता हसायला मिळावे म्हणून. थट्टेत मुद्दा खरा आहे. स्वच्छ, वाहत्या पाण्यातला कीटक सडपातळ असतो, आणि उत्तरेकडच्या बांधणीचा पहिला नियमही तोच : कमी घाला.

नियमामागे नद्यांचा स्वभाव आहे. वॉर्फ, युअर, निड, स्वेल या यॉर्कशायरच्या नद्या पावसावर वाढणाऱ्या आणि दगडगोट्यांवरून धावणाऱ्या. माळावरच्या पीट मातीतून आलेले त्यांचे पाणी पुरानंतर चहाच्या रंगाचे होते. दक्षिणेत टेस्ट आणि इचेन या खडूच्या दगडातून झिरपलेल्या नद्या संथ आणि पारदर्शक आहेत. तिथला मासा एका जागी उभा राहून वरून येणारा कीटक निवांत न्याहाळतो. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये पृष्ठभागावर तरंगणाऱ्या, कीटकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फ्लायचे शास्त्र लिहिले ते याच नद्यांच्या काठी. उत्तरेच्या खळाळत्या प्रवाहात माशाला तेवढी सवड नसते. समोरून क्षणभरात काहीतरी जिवंत वाहून जाते. खायचे की सोडायचे ते तेवढ्यात ठरते. तिथे डोळ्यांची नि शेपटाची नक्कल निरुपयोगी. तंतू प्रवाहात थरथरले, अंगातून थोडा उजेड आरपार गेला आणि आकार बेताचा असला, की पुरे.

शिवाय ट्राउट आपले बहुतेक खाणे पाण्याखालीच उरकतो. मेफ्लाय वर्गातले कीटक तळाशी वाढतात, कात टाकण्यासाठी वर येतात, आणि त्यातले पुष्कळ पृष्ठभागाशी अडकून किंवा बुडून वाहत जातात. पंख नीट न उघडलेला, पाय झाडणारा हा कीटक म्हणजे स्पायडर फ्लायचे मूळ रूप. यॉर्कशायरचा लेखक टी. ई. प्रिट याने १८८५ मध्ये ‘यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज’ या पुस्तकात बासष्ट फ्लाय रंगीत चित्रांसह दिल्या आणि पंख लावलेल्या फ्लायपेक्षा नुसत्या मऊ पिसाच्या फ्लाय जास्त मासे देतात, असे मत मांडले. पुढच्याच वर्षी तेच पुस्तक ‘नॉर्थ कंट्री फ्लाइज’ या नावाने निघाले आणि या साऱ्या घराण्याला ते नाव चिकटले.

प्रिटने यातले फार थोडे स्वतः शोधले होते. त्याच्या आधी खोऱ्याखोऱ्यांतल्या हस्तलिखित याद्या होत्या. वॉर्फ खोऱ्यातल्या जॉन स्वारब्रिकची १८०७ ची यादी त्यांतलीच. स्कॉटलंडच्या बाजूला डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट याने १८५७ मध्ये ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ लिहून तीन स्पायडरवर सगळे काम भागते असा दावा केला : काळी, लाल आणि करडी. काळीचे श्रेय त्याने जेम्स बेली या मासेमाराला दिले. बांधणीचा सर्वांत काटेकोर ग्रंथ मात्र एडमंड्स आणि ली यांचा १९१६ चा ‘ब्रुक अँड रिव्हर ट्राउटिंग’. त्यांनी रेशमाच्या छटा पिअर्सल्स कंपनीच्या क्रमांकांनी दिल्या आणि पीस पक्ष्याच्या अंगावर नेमके कुठले, तेही सांगितले. ‘नारिंगी’ या शब्दाने भागत नाही, ‘६अ’ म्हटल्यावर वाद मिटतो, हे त्यांनी ओळखले होते. डब्ल्यू. एच. ऑल्डम याने १८७६ मध्ये आणखी पुढची वाट धरली होती : जुन्या हस्तलिखिताच्या आपल्या आवृत्तीत त्याने खऱ्या फ्लाय आणि त्यांचे खरे साहित्य पानांत खाचा करून बसवले. चित्राचा रंग उडतो किंवा छापताना चुकतो; बसवलेले पीस निदान पीस तरी असते.

या घराण्यातल्या तीन फ्लाय समजल्या की बाकीच्या वाचता येतात. पार्ट्रिज अँड ऑरेंज म्हणजे नारिंगी रेशमाचे अंग आणि राखी तित्तिराच्या पाठीचे तपकिरी, चितारलेले पीस. स्नाइप अँड पर्पल म्हणजे जांभळे रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखावरचे, पुढच्या कडेजवळचे छोटे गडद पीस. थंड, वाऱ्याच्या दिवशी निघणाऱ्या ‘आयर्न ब्लू’ या काळपट मेफ्लायसाठी ती प्रसिद्ध आहे. तिसरी वॉटरहेन ब्लोआ. पिवळ्या रेशमावर पाणउंदराची किंवा मोल या बिळात राहणाऱ्या प्राण्याची अगदी विरळ लव, आणि पाणकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूचे धुरकट पीस. मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या मोठ्या ऑलिव्ह कीटकांच्या वेळी ती लावतात. तिन्हींची नावे म्हणजे त्यांची कृतीच आहे : पक्षी आणि रेशीम, किंवा पक्षी आणि रंग.

बांधणी सुरू होते गळापासून. गळाचा डोळा, दांडी, वाक, टोक आणि टोकामागचा उलटा काटा असे भाग असतात. मापाचे आकडे उलटे चालतात : १६ क्रमांकाचा गळ १४ पेक्षा लहान. स्पायडरसाठी हीच दोन मापे सर्वाधिक चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक गळांना डोळाच नसे. रेशीमकिड्याच्या शरीरातील रेशीमग्रंथी ताणून काढलेला ‘गट’ नावाचा तंतू दांडीवर दोऱ्याने आवळून बांधत आणि त्यावरच फ्लाय उभारत. गळ पकडायला व्हाइसही सर्रास नव्हता. डाव्या हाताच्या चिमटीत गळ धरून उजव्या हाताने सगळे काम होई. आता व्हाइस, बारीक कात्री आणि दोऱ्याची रीळ धरणारा बॉबिन सगळ्यांकडे असतात. साधने बदलली, पण घाईघाईने चिमटीत बांधायच्या वेळी लागलेली काटकसर या फ्लायच्या अंगात राहून गेली.

दोरा रेशमाचाच का, याचे उत्तर ओल्या फ्लायमध्ये सापडते. कोरडे नारिंगी रेशीम भडक दिसते. भिजल्यावर ते गडद होते, किंचित पारदर्शक होते, खालची गळाची काळपट दांडी त्यातून जाणवू लागते आणि रंग तांबूस-तपकिरीकडे झुकतो. कृत्रिम धागा मजबूत असतो, कुजत नाही, पण बहुतेक वेळा ओला झाल्यावर तसा बदलत नाही. मेणाचेही तसेच. मेण दोऱ्याला चिकट करते, वेढे सरकू देत नाही, लव धरून ठेवते. याशिवाय राळ मिसळलेले मोच्याचे गडद मेण पिवळ्या रेशमाला ऑलिव्ह छटा देते. जुन्या कृतीत ‘मेण लावलेले पिवळे रेशीम’ असे लिहिलेले असते तेव्हा मेण हा रंगाचा भाग असतो. फिक्या मेणाने बांधलेली फ्लाय यादीप्रमाणे बरोबर आणि नदीत चुकीची ठरते.

वेढे डोळ्यामागून सुरू होतात, एकमेकांना चिकटून आणि एकमेकांवर न चढता मागे जातात, आणि परततात. अंग आखूड ठेवायचे. गळाच्या टोकाच्या वर आले की थांबायचे, फार तर काट्यापर्यंत. दुकानी फ्लाय वाकापर्यंत लांबवलेल्या असतात, त्यामुळे त्या जड आणि मंद दिसतात. लव घालायची असेल तेव्हा मेण लावलेल्या दोऱ्यावर तिचा इतका विरळ थर द्यायचा की खालचे रेशीम सगळीकडे दिसत राहावे. कापसाची वात वळावी तशी बोटांत लव वळली की हमखास जास्त होते. वॉटरहेन ब्लोआ बिघडते ती इथेच. तिच्यात लवेचा रंग दिसायचा नसतो. लवेतून पिवळे रेशीम धुक्यातल्यासारखे दिसायला हवे.

मग पीस. फ्लाय बांधणारे दोरीसारखे गुंडाळायच्या पिसाला हॅकल म्हणतात. कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे तंतू ताठ असतात. त्यावर तरंगणारी फ्लाय उभी राहते. कोंबडीचे आणि रानपक्ष्यांचे तंतू मऊ, पाणी पिणारे; ते प्रवाहात मागे झुकतात, पुन्हा उघडतात. स्पायडरला मऊच हवे. पीस निवडताना तंतूंची लांबी पाहायची : मागे झोपवले की ते गळाच्या वाकापाशी किंवा थोडे पुढे संपावेत. पाणलाव्याच्या एका पंखावर अशा मापाची पिसे मोजकीच मिळतात. देठाजवळची फुललेली लव ओरबाडून काढायची, उरलेले तंतू उलटे करून शेंडा मोकळा करायचा. कोणी शेंडा आधी बांधतात, कोणी देठ. शेंडा आधी बांधला तर पहिला वेढा नाजूक पडतो, देठ आधी बांधला तर पकड चांगली राहते. दोन्ही बाजूंनी उत्तम बांधणारे झाले आहेत. पिसाची चकचकीत बाजू पुढे आणि फिकी बाजू मागे ठेवली की तंतू आपोआप मागे कलतात.

वेढे दीड किंवा दोन, त्याहून जास्त नाहीत. काही जण पिसाची एक बाजू आधीच काढून टाकतात, म्हणजे दोन वेढे घेऊनही तंतू विरळ राहतात. स्ट्युअर्टची पद्धत वेगळी. काळ्या स्पायडरसाठी तो मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगचे लहान चमकदार पीस तपकिरी रेशमाबरोबर पीळ देऊन एकत्र गुंडाळी आणि तंतू अंगाच्या पुढच्या अर्ध्यावर पसरून देई. दोऱ्याबरोबर पिळलेला कणा ट्राउटच्या दातांनी लवकर तुटत नाही, हा त्याचा व्यवहारी फायदा. यॉर्कशायरची एकाच कड्यात उघडणारी फ्लाय आणि स्ट्युअर्टची लांबट केसाळ फ्लाय शेजारी ठेवल्या तर यादी जवळजवळ सारखी आणि प्राणी दोन निराळे वाटतात. शेवटी डोळ्यामागे चार-पाच वेढ्यांची गाठ. डोके जितके छोटे, तितके चांगले.

इथून रूपांतरांचा प्रश्न सुरू होतो. ‘मूळ पॅटर्न’ कुठला हे सांगणे बहुधा अवघड असते. ग्रीनवेल्स ग्लोरी ही ट्वीड नदीवरची फ्लाय याला काहीसा अपवाद, कारण तिचा जन्म नोंदलेला आहे. डरहॅम कॅथीड्रलचे कॅनन विल्यम ग्रीनवेल हे पुरातत्त्वाचे अभ्यासक. प्राचीन दफनटेकड्या आणि ग्राइम्स ग्रेव्ह्जच्या गारगोटीच्या खाणी खणून काढणारे म्हणून त्यांचे नाव झाले. १८५४ च्या मे महिन्यात ट्वीडवर ट्राउट एकच कीटक खात होते आणि ग्रीनवेल यांच्या फ्लाय नाकारत होते. त्यांनी तो कीटक पकडून स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट या बांधणाऱ्याकडे नेला. राइटने पिवळ्या रेशमावर, काळा मधोभाग असलेल्या तांबूस कोंबड्याच्या पिसाने आणि ब्लॅकबर्डच्या पंखाने ती फ्लाय बांधली. पुढे कोणीतरी तिच्या अंगावर सोन्याच्या तारेचे वेढे घातले, आणि आज तारेशिवायची ग्रीनवेल दाखवली तर दुकानदार ती अपुरी म्हणतो. पंख काढून टाकलेली ग्रीनवेल स्पायडर आहे, तरंगणारी ग्रीनवेल आहे. जिचा जन्म माहीत आहे तिची ही गत. जिचा माहीत नाही तिच्या ‘खऱ्या’ रूपाबद्दल भांडणे व्यर्थच.

उलट टोक म्हणजे टप्स इंडिस्पेन्सेबल. डेव्हनमधल्या टिव्हर्टनचे आर. एस. ऑस्टिन यांनी तिच्या अंगासाठी पिवळट-गुलाबी लवेचे मिश्रण केले आणि ते गुपित ठेवले. त्यांच्या पश्चात मुलीने फ्लाय विकताना तेच गुपित सांभाळले. मिश्रणातला कळीचा जिन्नस मेंढ्याच्या अंडकोशावरची लोकर होती. ती स्वच्छ आणि पारदर्शक असते. गुपित फुटेपर्यंत असंख्य लोकांनी अंदाजाने ती फ्लाय बांधली आणि मासेही पकडले. म्हणजे गुप्त जिन्नस नसतानाही पॅटर्नचे बरेचसे काम रंगाच्या छटेने आणि पारदर्शकतेने निभत होते.

यावरून निकष हाती येतो. पॅटर्नची ओळख जिनसांच्या यादीत असते त्यापेक्षा जास्त परिणामात असते : ओली झाल्यावर दिसणारा रंग, अंगाचा सडपातळपणा, तंतूंची हालचाल, पाण्यात जाण्याची खोली. यादीतला एखादा जिन्नस बदलून हे चारही टिकले, तर फ्लाय तीच राहते. ऋतूप्रमाणे छटा हलकी करणे तर परंपरेतच बसते. वसंताच्या सुरुवातीचे ऑलिव्ह कीटक गडद असतात, मे महिन्याकडे फिके होत जातात, आणि जुने बांधणारे वॉटरहेन ब्लोआची लव त्याप्रमाणे कमी करत. नारिंगीऐवजी पिवळे किंवा हिरवे रेशीम घेऊन झालेल्या पार्ट्रिजच्या बहिणी आपापल्या नावाने नांदतात. अमेरिकेत सिल्वेस्टर नेम्स यांनी १९७५ च्या ‘द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय’ या पुस्तकातून या फ्लाय तिथल्या मोठ्या नद्यांवर नेल्या. पिसाखाली सशाच्या लवेची छोटी गोळी बांधून तंतू अंगाला चिकटू न देण्याची युक्ती तिथे रूढ झाली, आणि ती पटण्यासारखी आहे. तंतूंना हलायला जागा मिळते. फ्लायचा स्वभाव मोडत नाही.

डोळ्यापाशी धातूचा मणी ओवलेली पार्ट्रिज अँड ऑरेंज हे मात्र दुसरेच प्रकरण. ती मासे भरपूर देते, पण देते ती तळाशी झपाट्याने बुडून. तिला जुने नाव ठेवणे ही विक्रेत्यांची सोय. त्याहून फसवी असते ती यादीला शंभर टक्के प्रामाणिक, पण चार वेढे पिसाची आणि जाड अंगाची फ्लाय. तिच्यात रेशीम ६अ आहे, पीस खऱ्या तित्तिराचे आहे, आणि पाण्यात ती पावसात भिजलेल्या लोकरीच्या गोळ्याहून वेगळी नाही. संग्राहकांच्या पेट्यांत अशा फ्लाय ‘अस्सल’ म्हणून मिरवतात.

जिन्नस बदलणे पुष्कळदा आवडीपेक्षा नाइलाजाने होते. स्ट्युअर्टला लाल स्पायडरसाठी लँडरेलचे आणि करडीसाठी डॉटरेलचे पीस लागे. दोन्ही पक्षी आता ब्रिटनमध्ये दुर्मिळ आहेत आणि १९८१ च्या कायद्याने संरक्षित. डॉटरेलच्या जागी स्टार्लिंगच्या पंखाखालचे फिक्या कडेचे पीस किंवा सोनेरी प्लोव्हरचे पीस वापरतात, लँडरेलसाठी तांबूस रंगवलेले कोंबडीचे. पहिली अदलाबदल जवळजवळ कळत नाही. दुसरीत मऊपणा थोडा कमी पडतो, म्हणून वेढा अर्धाच घ्यावा लागतो.

पिसांच्या हव्यासाची काळी बाजू स्पायडरच्या नव्हे, सामन माशांच्या फ्लायच्या वाट्याला आहे. व्हिक्टोरियन काळात जॉक स्कॉटसारख्या फ्लायसाठी जगभरचे रंगीत पक्षी मारले गेले. जॉर्ज केल्सनच्या १८९५ च्या ‘द सामन फ्लाय’मध्ये तो शौक कळसाला पोचलेला दिसतो. त्या फ्लायच्या गालांवर हमखास बसवले जाणारे ‘जंगल कॉक’ पीस सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. त्याच्या टोकांवर मेण किंवा लाख ओतल्यासारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात, आणि पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात असे मासेमार मानत. कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तोच हा पक्षी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे. ब्रिटनमधले बांधणारे आता तिथेच पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची मान विकत घेतात. ‘अस्सल’ साहित्याचे वेड कुठवर जाते याचे उदाहरण २००९ चे आहे. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस याने गोळा केलेले नमुनेही होते, आणि चोरीमागचे कारण सामन फ्लायची पिसे. स्पायडर बांधणाऱ्याला एक तित्तिर आणि एक पाणलावा कित्येक मोसम पुरतो.

मऊ पिसाची, थोड्या जिनसांची ही फ्लाय फक्त इंग्लंडची नाही. स्पेनच्या लेओन प्रांतात १६२४ सालचे हुआन दे बेर्गारा याचे अस्तोर्गा हस्तलिखित फ्लायच्या कृती देते, आणि त्यातली पिसे तिथल्याच खास कोंबड्यांची. त्या भागात असे कोंबडे आजही पिसांसाठी पाळतात. पीस उपटले तरी पक्षी जिवंत राहतो आणि नवे पीस येते. इटलीत आल्प्समधल्या सेसिया नदीच्या खोऱ्यात लांब काठीला रेशीम-पिसाच्या फ्लायची रांग बांधून मासे धरतात. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरच्या तेनकारा मासेमारीत ‘केबारी’ फ्लायचे तंतू उलटे, डोळ्याच्या पुढे झुकलेले बांधतात, म्हणजे दोरी हलकेच ओढली-सोडली की ते मिटतात आणि उघडतात. या पद्धती एकमेकींपासून दूर वाढल्या, तरी धावत्या पाण्याने त्यांना सारख्याच उत्तराकडे नेले. भारतात ट्राउट मूळचा नाही. १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी तो काश्मीरमध्ये आणला, आणि त्याच्यासोबत या ओल्या फ्लायही हिमालयाच्या ओढ्यांवर पोचल्या.

फ्लायची परीक्षा कोरड्या हातात होत नाही. बांधून झालेली फ्लाय पेल्यातल्या पाण्यात बुडवून, दोऱ्याने थोडी पुढे ओढून पाहिली की रेशमाचा खरा रंग आणि तंतूंची हालचाल कळते. तंतू मिटून पुन्हा उघडत नसतील तर पीस जास्त आहे किंवा ताठ आहे. अंग काळवंडले असेल तर मेण गडद आहे. जुन्या पुस्तकातली चित्रे कोरड्या फ्लायची असतात, एवढे लक्षात ठेवून ती वाचावीत.

शिकण्याचा क्रम साहित्यानुसार ठरतो. पार्ट्रिज अँड ऑरेंज सर्वांत आधी, कारण तित्तिराचे पीस मोठे, सहज मिळणारे आणि हाताळायला सोपे. तिच्यावर सलग वेढे, आखूड अंग आणि छोटे डोके ही तीन कामे पक्की करता येतात. स्नाइप अँड पर्पल दुसरी. पीस इतके लहान की कण्याला जरा जास्त ताण दिला तर ते तुटते, म्हणून हात हलका होतो. वॉटरहेन ब्लोआ तिसरी, लवेचे प्रमाण जमण्यासाठी. ती दहा-वीसदा बिघडल्याशिवाय येत नाही. स्ट्युअर्टची काळी स्पायडर त्यानंतर, पीस आणि दोरा एकत्र पिळण्याच्या सरावासाठी. पंखाच्या फ्लाय, म्हणजे डाव्या-उजव्या पिसांच्या पट्ट्या जुळवून उभ्या करण्याचे काम, या चौघींनंतर हाती घ्यावे आणि त्यात ग्रीनवेलपासून सुरुवात करावी, तारेशिवायच्या.